लिमकाठची भावकी

पोद्गोरित्सा मागे टाकून उत्तरेला निघाले की बियोचे गावापाशी जुना रस्ता मोराचा नदीची संगत सोडतो आणि पूर्वेकडच्या डोंगरांत शिरतो. २०२२ च्या जुलैत स्मोकोवात्स ते मातेशेवो हा ४१ किलोमीटरचा महामार्ग खुला झाला. तेव्हापासून बरीच वाहने बोगद्यांतून आणि उंच पुलांवरून हा मुलूख न पाहताच पार करतात. जुन्या रस्त्याने जाणाऱ्याला मात्र लियेवा रियेका लागते. उतारांवर दूरदूर विखुरलेली घरे, कुरणे आणि मधून वाहणारे पाणी, एवढेच तिचे रूप. माँटेनेग्रोतल्या डोंगरी कुळांत सर्वांत मोठे गणले जाणारे वासोयेविच कुळ आपला उगम इथला सांगते. वासो नावाचा एक पुरुष या खोऱ्यात येऊन राहिला, त्याचा वंश वाढला, डोंगर ओलांडून लिम नदीकाठी उतरला आणि पुढे सर्बियाभर पसरला, अशी ही कथा. लियेवा रियेकापासून लिमच्या उगमाजवळच्या प्लावपर्यंतचा रस्ता मी या कथेची पारख करत मांडणार आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो: हे कुळ एका माणसाच्या रक्तातून वाढलेले नाही. वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली माणसे कुरणासाठी, संरक्षणासाठी आणि दिलेल्या शब्दासाठी एकत्र बांधली गेली, आणि त्या बांधणीला नंतर एका पूर्वजाचे नाव मिळाले. हे मान्य केल्याने कुळाची प्रतिष्ठा कमी होत नाही. मात्र त्याचे वंशज कोण, या प्रश्नाचे उत्तर पार बदलते.

आधी उगमाच्या कथा पाहू, कारण त्या एक नसून अनेक आहेत. सर्वांत भारदस्त कथा वासोला थेट नेमान्यिच राजघराण्याशी जोडते. राजा मिलुतिनचा मुलगा स्तेफान कोन्स्तांतिन १३२१ नंतरच्या वारसायुद्धात आपल्या भावाकडून, म्हणजे पुढे देचान्स्की म्हणून ओळखल्या गेलेल्या राजाकडून, पराभूत झाला. त्याच्याच वंशात वासो जन्मला, असे ही कथा सांगते. दुसरी कथा वासोला हर्झेगोविना-बोस्नियाकडून आलेला साधा पळपुटा मानते. तिसरी कथा मला सर्वांत मोलाची वाटते. तीत पाच भाऊ आहेत. वासोपासून वासोयेविच, पिपोपासून पिपेरी, ओझ्रोपासून ओझ्रिनिची, क्रासोपासून क्रास्निची आणि ओटोपासून होटी. यांपैकी पहिली तीन कुळे स्लाव भाषा बोलणारी, ऑर्थोडॉक्स. शेवटची दोन अल्बानियन, त्यांत होटी प्रामुख्याने कॅथलिक. ऑस्ट्रियन वकील योहान गेओर्ग फॉन हान याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या कथेचे एक रूप टिपले. त्यात मूळ पुरुष चक्क तुर्कांपासून पळालेला कॅथलिक अल्बानियन आहे. एडिथ डरहॅम १९०८ मध्ये उत्तर अल्बानियाच्या डोंगरांत फिरली, तेव्हा तिथेही या नात्याच्या गोष्टी जिवंत होत्या. सीमेच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांना भाऊ म्हणवणारी कथा कोणा एका राष्ट्राच्या सोयीसाठी रचली गेली असेल, असे मला वाटत नाही. तिला एका पुरुषाच्या पाच मुलांचा जन्मदाखला समजणेही चूक ठरेल. शेजारी कुळांमध्ये कुरणांवर कोणाचा हक्क, लढाईत कोण कोणाच्या बाजूने, कोणाच्या रक्ताचा सूड कोणी घ्यायचा, याचा तो करार आहे. करार लिहिण्याची सोय नसलेल्या लोकांनी तो नात्याच्या रूपात पाठ करून ठेवला.

कागदपत्रे काय सांगतात? वासोयेविच हे नाव लेखी रूपात पहिल्यांदा भेटते ते १४४४ साली, दुब्रोव्निकच्या दप्तरात, आणि तेही एका तक्रारीत. पिपेरी आणि ब्येलोपावलिची या कुळांच्या सोबतीने या लोकांनी दुब्रोव्निकच्या व्यापाऱ्यांवर हल्ला करून माल लुटल्याची ती तक्रार आहे. राजवंशाचा उल्लेख त्यात नाही. त्यात तीन टोळ्या आहेत आणि तिघी मिळून एक काम करत आहेत. त्यानंतर चार दशकांनी, १४८५ मध्ये, ऑटोमन सत्तेने श्कोदर प्रांताची करमोजणी केली. तिच्यात कुची आणि पिपेरी या शेजारच्या मुलखांतील घरांची नावे वाचली तर स्लाव आणि अल्बानियन नावे एकाच वस्तीत, कधी एकाच घरात बाप-लेक म्हणून सापडतात. मग १६१४ मध्ये कोतोरचा सरदार मारियानो बोलित्सा व्हेनिससाठी श्कोदर प्रांताचे वर्णन लिहितो. तो वासोयेविचांची ९० घरे आणि शस्त्र धरू शकणारे २८० पुरुष नोंदवतो. शेजारच्या कुची कुळाची घरे त्याच यादीत याच्या कितीतरी पट आहेत. तरी पुढच्या अडीचशे वर्षांत हेच छोटे कुळ डोंगरातले सर्वांत मोठे झाले. निव्वळ जन्मांनी अशी वाढ होणारच नाही, असे मी म्हणत नाही. पण ज्या काळात साथी, दुष्काळ आणि तुर्की स्वाऱ्या दर पिढीला माणसे नेत होत्या, त्या काळात एका कुळाने शेजाऱ्यांना इतके मागे टाकावे, याला जन्मदरापेक्षा वेगळे कारण हवे.

ते कारण रस्ताच दाखवतो. मातेशेवो सोडले की चढण लागते आणि १५७३ मीटरवर ट्रेश्न्येविक ही खिंड येते. खिंडीच्या दक्षिणेला कोमोवी पर्वताची शिखरे. त्यांतल्या एकाचे नाव कुची कोम आणि दुसऱ्याचे वासोयेविच कोम. एकाच पर्वताची शिखरे दोन कुळांनी वाटून घेतली आहेत, यातच इथल्या जगण्याचे गणित आहे. हिवाळ्यात खोऱ्यात आणि उन्हाळ्यात शिखरांच्या पायथ्याच्या कुरणांवर मेंढरे घेऊन जायचे. तिथल्या लाकडी खोपट्यांच्या वस्तीला कातून म्हणतात. कुरण राखायला माणसे लागतात, आणि माणसे कमी पडली तर आणखी माणसे सामावून घ्यावी लागतात. खिंडीच्या पलीकडे उतरले की लिमचे रुंद, सुपीक खोरे उघडते. १६९० मध्ये पेचचा पॅट्रिआर्क आर्सेनिये तिसरा याच्या मागून सर्ब कुटुंबांचे मोठे स्थलांतर उत्तरेला झाले, १७३७ नंतर दुसरे झाले, आणि या पट्ट्यातली बरीच जमीन ओस पडली. वासोयेविच लियेवा रियेकाहून खाली सरकले ते सतराव्या-अठराव्या शतकांत. खोऱ्यात उरलेले जुने रहिवासी, इतर कुळांतून सूडाच्या भीतीने पळून आलेले, तुर्की जमीनदारांची जमीन कसणारे, या सगळ्यांना एका मोठ्या नावाच्या आधाराची गरज होती, आणि त्या नावाला माणसांची. कुळाची वाढ ही या दोन गरजांची भेट होती.

अंद्रियेवित्सा हे या भागाचे गाव. तिथे पोचल्यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप समोर उभा राहतो. इथल्या माणसाला आपली वंशावळ पाठ असते. राये, नोवाक आणि मियोमान या तिघांपासून रायेविची, नोवाकोविची आणि मियोमानोविची अशा तीन शाखा झाल्या. प्रत्येक शाखेत अनेक भावक्या, प्रत्येक भावकीत बापाचा बाप आणि त्याचा बाप अशी दहा-पंधरा नावे घडाघडा सांगणारी म्हातारी माणसे. राडोस्लाव वेशोविच याने १९३५ मध्ये साराजेवोत छापलेल्या कुळाच्या जाडजूड इतिहासात अशा वंशावळींचा मोठा साठा केला आहे. एवढ्या तपशिलाची स्मृती खोटी म्हणायची का? मुळीच नाही. मी ती खरी मानतो, पण ती कुठे खरी आहे हे पाहणे गरजेचे आहे. जवळच्या सहा-सात पिढ्यांत ती दाट असते: कोणी कुठे घर बांधले, कोण कोणत्या लढाईत पडला, कोणाची जमीन कशी वाटली गेली. त्यामागे ती विरळ होत जाते, नावामागे फक्त नाव उरते. आणि अगदी वर पोचले की पुन्हा दाट होते, पण तिथे राजे, कोसोवोची लढाई आणि पाच भाऊ असतात. मधला विरळ भाग हाच सांधा आहे. एखादे बाहेरून आलेले घर कुळात सामावले गेले की त्याला या विरळ भागात एखाद्या नावाला जोडणे सोपे जाते, आणि तीन पिढ्यांनी तो जोड कोणालाच दिसत नाही.

शिवाय या वंशावळींत बायका नाहीत. एकही आई नाही, एकही मुलगी नाही. भावकीच्या आत लग्न निषिद्ध, म्हणून प्रत्येक पिढीत सून बाहेरून आली. कधी दुसऱ्या शाखेतून, कधी कुचींकडून, पिपेरींकडून, मोराचाच्या खोऱ्यातून, सीमेपलीकडच्या घरांतून. तिने मुलांना भाषा शिकवली, अंत्यविधीत मृताच्या पराक्रमाचे विलाप गायले, म्हणजे ज्या स्मृतीच्या जोरावर कुळ उभे आहे त्या स्मृतीचा निम्मा भार वाहिला. बारा पिढ्या मागे गेले तर प्रत्येक माणसाच्या पूर्वजांच्या ४०९६ जागा होतात. वंशावळ त्यांतली एक जागा भरते. उरलेल्या ४०९५ जागा कोणी भरल्या, हे विचारल्याशिवाय 'रक्त' हा शब्द वापरणे मला न्यायाचे वाटत नाही.

दुसरा आक्षेप स्लावा या प्रथेचा. सर्ब ऑर्थोडॉक्स कुटुंब वर्षातून एकदा आपल्या रक्षक संताचा दिवस साजरा करते. आपल्याकडे कुलदैवत जसे बापाकडून मुलाकडे येते तसाच हा संतही येतो, फक्त त्याचा उत्सव देवळात न होता घरच्या जेवणाच्या मेजावर होतो. युनेस्कोने २०१४ मध्ये ही प्रथा मानवी वारशाच्या यादीत घेतली. वासोयेविचांचा संत देवदूत मिखाएल, त्याचा दिवस २१ नोव्हेंबर. सगळे कुळ एकाच दिवशी स्लावा करते, म्हणून सगळे एका मुळाचे, असा हा युक्तिवाद. पण स्लावा वारशाने येतो तसा तो स्वीकारलाही जातो. नवे घर कुळात आले की ते कुळाचा संत घेते, बहुतेक वेळा जुना संत दुय्यम दिवस म्हणून जपत. तेव्हा एक संत हे एका समाजात सामील झाल्याचे लक्षण आहे. एका बीजाचा तो पुरावा होत नाही.

आणि स्लावा बदलता येतो याचे सर्वांत ठळक उदाहरण खुद्द सर्बियाच्या काराजोर्जेविच राजघराण्याचे आहे. १८०४ च्या सर्ब उठावाचा नेता काराजोर्जे याचे पूर्वज वासोयेविच होते, असे फार दिवसांपासून सांगितले जाते आणि लिमकाठी ते अभिमानाने ऐकवतात. पण काराजोर्जेचे घर संत क्लिमेंटचा स्लावा करत असे, देवदूत मिखाएलचा नव्हे. या एका गोष्टीमुळे काही अभ्यासक त्याचे मूळ क्लिमेंती नावाच्या अल्बानियन कुळाकडे शोधतात. पुढे १८९० मध्ये पेतार काराजोर्जेविच याने घराण्याचा संत बदलून आंद्रेय केला, कारण १८०६ मध्ये काराजोर्जेच्या सैन्याने बेलग्राद घेतले ते संत आंद्रेयच्या दिवशी. म्हणजे ज्या घराण्याच्या मुळाविषयी इतका वाद, त्यानेच कुळदैवत विजयाच्या तारखेवरून निवडले. मग वासोयेविच मुळाची कथा इतकी टिकली का? १८०९ मध्ये काराजोर्जेची फौज सियेनित्सा घेऊन सुवोदोलपर्यंत आली, तेव्हा माँटेनेग्रोशी हात मिळवण्याच्या वाटेवर हेच कुळ होते आणि त्याची माणसे उठावात उतरली. डुकरांचा व्यापार करणाऱ्या माणसाच्या घराण्याला जुन्या, मानी डोंगरी कुळाची मुळे हवी होती. तुर्की राज्यात एकाकी लढणाऱ्या कुळाला आपल्यातला राजा हवा होता. कथेने दोघांनाही हवे ते दिले. ती खोटी ठरवण्याइतका पुरावा नाही आणि खरी ठरवण्याइतकाही नाही. मला तिचा उपयोग वेगळा वाटतो: दोन शतकांपूर्वी कोणाला कोणाची गरज होती, हे ती अचूक सांगते.

तिसरा आक्षेप माझ्या म्हणण्याच्या अगदी वर्मावर येतो. कुळ जर इतके खुले होते, तर त्याने सगळ्यांनाच का नाही सामावले? लिम खोऱ्यात आधीपासून राहणाऱ्या लोकांना वासोयेविच आशानी म्हणत, आणि त्या शब्दात तुच्छता असे. बेराने भागातल्या कित्येक घरांवर हा शिक्का पिढ्यान्‌पिढ्या राहिला. आपला कोण आणि परका कोण, याची रेघ कुळाला नीट ठाऊक होती. हे खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण ती रेघ कशावर ओढली होती? आशानी बहुतेक तुर्की जमीनदारांच्या जमिनीवर राबत आणि कर भरत. वासोयेविच शस्त्र बाळगत आणि कुरण स्वतःच्या बळावर राखत. दोघांची भाषा एक, धर्म एक, बहुधा पूर्वजही बऱ्याच अंशी एक. रेघ स्वातंत्र्य आणि हत्यार यांची होती, आणि तिला नंतर रक्ताचे नाव दिले गेले. ती ओलांडण्याची साधनेही कुळाने ठेवली होती. कुमस्त्वो म्हणजे धर्मपित्याचे नाते. या नात्याने दोन घरे इतकी जवळ येत की त्यांच्यात लग्न चालत नसे, आणि पिढीजात वैर मिटवताना मारेकऱ्याचे घर मृताच्या घराला हेच नाते मागे. खुनाच्या रक्तातून नाते तयार करण्याची पद्धत ज्यांच्याकडे होती, त्यांना नाते फक्त जन्माने मिळते असे वाटत असणे शक्य नाही.

हल्ली या सगळ्यावर एकच उत्तर ऐकू येते: तपासणी करा, गुणसूत्र सांगेल. पुरुषांच्या वाय गुणसूत्राची ई-व्ही१३ ही शाखा माँटेनेग्रोच्या डोंगरी कुळांत, अल्बानियनांत, ग्रीकांत आणि सर्बांतही आढळते. तिचे बाल्कनमधले वय कोणत्याही कुळापेक्षा, कोणत्याही आजच्या भाषेपेक्षा जास्त आहे. समजा, उद्या तिन्ही शाखांतले बहुसंख्य पुरुष एकाच मध्ययुगीन माणसापर्यंत पोचले. त्याने वासो खरा ठरेल, आणि मला त्यात काही अडचण नाही, कारण असा कोणी गाभा असणार हे १४४४ चा कागदही सुचवतो. पण त्या माणसापासून आजपर्यंत वीस पिढ्या धरल्या तर प्रत्येकाच्या पूर्वजांच्या दहा लाखांहून अधिक जागा होतात. वाय गुणसूत्र त्यांतल्या एकाच जागेचा माग काढते. ते बापांची साखळी सांगते, कुळ सांगत नाही.

बेरानेजवळ जुर्जेवी स्तुपोवी मठ आहे. तो १२१३ चा, स्तेफान नेमान्याचा पुतण्या पर्वोस्लाव याने बांधलेला. तुर्कांनी तो अनेकदा जाळला, तो पुन्हा उभा राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचा मठाधिपती मोयसिये झेचेविच हाच वासोयेविचांचा राजकीय पुढारी होता. या मठापाशी उभे राहिले की राजवंशाच्या कथेचे मूळ समजते, असे मला वाटते. डोंगरातून उतरलेल्या मेंढपाळ कुळाला या खोऱ्यात नेमान्यिचांची खरी, दगडी वास्तू तयार मिळाली. तिच्या भोवतीच कुळाच्या सभा, शपथा, उठाव झाले. जी वास्तू त्यांनी सहा-सात पिढ्या जपली, तिच्या बांधणाऱ्यांशी आपले नाते असले पाहिजे, असे त्यांना वाटणे किती स्वाभाविक! राखणदारी हळूहळू वारसा झाली. यात मला फसवणूक दिसत नाही. जे आपण नष्ट होऊ दिले नाही त्यावर हक्क सांगण्याचा तो सच्चा मार्ग होता.

पण वंशजांच्या यादीतून कोण गळले, हे पाहायला लिमच्या प्रवाहाविरुद्ध वर, प्लाव आणि गुसिन्येला जायला हवे. इथे मिनार आहेत, दगडी कुला म्हणजे बुरूजवजा घरे आहेत, आणि मुस्लिम घरांतली कितीतरी घरे आपले मूळ कुचींत, क्लिमेंतींत किंवा वासोयेविचांत सांगतात. अठराव्या शतकापर्यंत इस्लाम स्वीकारलेल्या या शाखांना कुळाच्या छापील वंशावळींत फार तर एक ओळ मिळते: 'तुर्क झाला.' पुढचे काही नाही. १८७९ च्या डिसेंबरात नोव्शिचे इथे गुसिन्येच्या अली पाशाची माणसे आणि माँटेनेग्रोचे सैन्य एकमेकांना भिडले. कथेप्रमाणे जे भाऊ होते ते दोन्ही बाजूंना होते. १९१२ मध्ये माँटेनेग्रोने हा भाग जिंकला, आणि १९१३ मध्ये प्लाव-गुसिन्येत सक्तीची धर्मांतरे आणि हत्या झाल्या. ज्यांनी त्या केल्या त्यांत लिमकाठचे लोकही होते. एका रक्ताची कथा त्या वर्षी कोणालाही वाचवू शकली नाही. कुमस्त्वोसारखे मानलेले, दिलेल्या शब्दाचे नाते अनेकदा कुळांना सूडापासून थांबवू शकले होते. म्हणूनच मी कुळाच्या आत्म्याचे स्थान रक्तात न शोधता त्या शब्दात शोधतो, आणि त्या मापाने १९१३ हा कुळाने स्वतःच्या धर्माचा केलेला भंग मानतो.

अंद्रियेवित्साच्या नगरपालिकेत २०११ च्या गणनेनुसार सुमारे पाच हजार माणसे होती, आणि संख्या घटतेच आहे. १९४५ नंतर माँटेनेग्रोतली हजारो कुटुंबे सर्बियातल्या बाच्का प्रदेशातल्या व्र्बास, लोव्चेनात्स अशा गावांत, जर्मनांनी सोडलेल्या घरांत वसवली गेली. बेलग्रादमधल्या अनेक घरांची मुळे या खोऱ्यात आहेत. सर्बियाचा नेता स्लोबोदान मिलोशेविच याचे वडील लियेवा रियेकाचे, तो स्वतः पोझारेवात्सला जन्मला. १९९० च्या दशकातले त्याचे राजकारण डोंगरी रक्तातून आले, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. जे रक्त वासोच्या बाबतीत काही सिद्ध करत नाही ते त्याच्या बाबतीत तरी कसे करेल? २००६ च्या सार्वमतात माँटेनेग्रोच्या ५५.५ टक्के मतदारांनी स्वतंत्र राष्ट्र निवडले. अंद्रियेवित्साने मोठ्या बहुमताने विरोधात मत दिले. तरी याच कुळात स्वतःला सर्ब म्हणवणारे आहेत आणि माँटेनेग्रिन म्हणवणारेही आहेत, कधी एकाच भावकीत. सर्ब कुळ हे वर्णन त्यातल्या बहुसंख्यांना मान्य आहे, ते मी बदलू पाहत नाही. वंशजांची यादी मात्र मी तीन शाखांच्या पुरुषांवर थांबवणार नाही. तीत बाच्कात २१ नोव्हेंबरला मेणबत्ती लावणारे घर असेल, बेरानेची आशानी म्हणून हिणवलेली कुटुंबे असतील, कुचींतून आलेल्या आज्या असतील, आणि प्लावहून न्यूयॉर्कला गेलेली मुस्लिम घरेही असतील.